उपणणीचा वारा आणि पावसाचा थेंब

इंदापूर तालुक्यातील कळस हे गाव भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात आहे. मळणीयंत्रे येण्यापूर्वी या भागात शाळूची काढणी झाली की खळी गजबजत. एक जण उंच तिवईवर उभा राही, दुसरा खालून त्याच्या हाती पाटी देई, आणि वाऱ्याचा अंदाज घेत तो ती हळूहळू रिती करी. दाणे जवळच पडून रास वाढे. भूस थोडे दूर जाऊन पडे. त्याहूनही हलका कोंडा कुठच्या कुठे जाई. वारा पडला, की माणसे पाटी खाली ठेवून झाडाखाली बसत. जड वस्तू लवकर पडते आणि हलकी रेंगाळते, याविषयी त्या उपणणाऱ्याच्या मनात कसलीही शंका नव्हती.

ॲरिस्टॉटलच्याही मनात नव्हती. शाळेत आपण त्याला चुकीचे ठरवून मोकळे होतो; पण खळ्यावर उभे राहून पाहिले, तर त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. त्याची चूक एवढीच, की हवेचे काम त्याने वजनाच्या खात्यावर मांडले. १५८६ साली सायमन स्टेव्हिनने हॉलंडमधील एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच्या दसपट दुसरा जड, असे शिशाचे दोन गोळे त्याने तीस फुटांवरून एका फळीवर सोडले. दोहोंचा आवाज एकच ऐकू आला. पिसाच्या मनोऱ्याची कथा मात्र गॅलिलिओच्या शिष्याने सांगितलेली आहे, आणि ती तशीच घडली असेल याची आज फार थोड्यांना खात्री वाटते. गॅलिलिओचे खरे थोरपण मनोऱ्यावरून काही टाकण्यात नव्हतेच. हवा मनाने बाजूला सारून नुसत्या पतनाचा विचार त्याने केला. हे त्याचे थोरपण.

पण बाजूला सारलेली हवा जाते कुठे? तिचा हिशेब न्यूटनने मागितला. १७१० साली लंडनच्या सेंट पॉल मंदिराच्या घुमटाखाली २२० फुटांवरून काचेचे पोकळ गोळे सोडण्यात आले. काहींत पारा भरलेला, काहींत नुसती हवा. पाऱ्याचे गोळे सुमारे चार सेकंदांत खाली आले, हवेच्या गोळ्यांना आठ लागले. खळ्यावरचा दाणा आणि भूस यांचीच ही लंडनमधली शर्यत! पुढे १९७१ साली डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले, आणि दोन्ही बरोबरच जमिनीला लागले. तिथे वारा नाही, म्हणजे उपणणीही नाही.

आता कळसच्या माणसाच्या खऱ्या जिव्हाळ्याच्या पडणाऱ्या वस्तूकडे, म्हणजे पावसाकडे, वळू. दोन किलोमीटर उंचीवरून थेंब हवेच्या अडथळ्याशिवाय पडला, तर जमिनीशी येईतो त्याचा वेग ताशी सातशे किलोमीटर होईल. प्रत्यक्षात वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढतो, विरोध वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. जर्मनीत लेनार्टने १९०४ साली उलटी उपणणीच केली म्हणा ना: खालून वर वाऱ्याचा झोत सोडून त्यावर थेंब तरंगत ठेवले. थेंब मोठा झाला, की चपटा होतो आणि साडेपाच मिलिमीटरांच्या आसपास फुटतो, असे त्याला दिसले. १९४९ साली अमेरिकेत गन आणि किंझर यांनी थेंबांचे वेग काटेकोर मोजले. दोन मिलिमीटरांचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटर पडतो. पाच मिलिमीटरांचा नऊ मीटर. म्हणून पावसात भिजतो तरी आपण शाबूत घरी येतो.

अगदी बारीक गोल कणांना होणारा विरोध स्टोक्सने १८५१ साली गणिताने मांडला होता. त्या हिशेबाने ढगातला दोन शतांश मिलिमीटरांचा कण सेकंदाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर उतरतो. एक किलोमीटर उतरायला त्याला जवळजवळ पुरा दिवस लागेल. तेवढ्यात वर चढणारी हवा त्याला उचलील, नाहीतर खालची कोरडी हवा पिऊन टाकील. असे दहा लाख कण एकवटतात, तेव्हा पावसाचा एक चांगला थेंब होतो. ते एकवटतात कसे? सगळे सारख्याच वेगाने पडते तर एकमेकांना गाठतेच ना. थोडा मोठा कण जलद पडतो, वाटेतल्या लहानांना गिळतो, अधिक मोठा होतो, आणखी जलद पडतो. भूस आणि दाणा वेगळे करणारा भेद इथे जोडण्याचे काम करतो.

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांवर पाऊस होतो. बारामती-इंदापुराकडे तो पाचशेच्या आसपास येतो. आषाढात या भागावरून ढग जातात, दाटल्यासारखे दिसतात आणि शिंतोडेही न देता पुढे सरकतात. मोठा कण नसेल तर तो आपण पुरवावा, ही कल्पना मग पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने अहमदनगर-बारामती टापूत आजमावली. १९७३, १९७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ अशा अकरा पावसाळ्यांत विमानाने ढगांत मिठाची बारीक पूड टाकली. मीठ ओल ओढते, त्याभोवती मोठा थेंब जमतो आणि इतरांना गोळा करीत उतरतो. टापूचे उत्तर व दक्षिण असे भाग करून मध्ये मोकळा पट्टा ठेवला होता. कोणत्या दिवशी कोणत्या बाजूला पूड टाकायची हे दैवावर, म्हणजे चिठ्ठीसारख्या पद्धतीवर, सोपवले होते. हे मला या प्रयोगातले सर्वांत प्रामाणिक अंग वाटते, कारण पाऊस आल्यावर श्रेय घ्यायला सारेच पुढे येतात.

निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला: पाऊस सुमारे २४ टक्के वाढला. पण त्यालाच एक पुरवणी आहे. किलोमीटरभराहून जाड, पाण्याने भरलेल्या ढगांनीच साथ दिली. पातळ ढग पुडीने उलट विरळ होत. म्हणजे ज्या वर्षी आभाळच कोरडे, त्या वर्षी मिठाचा उपयोग नाही. २०१८ व २०१९ साली त्याच संस्थेने सोलापूरकडे आधुनिक साधनांनी पुन्हा प्रयोग केले, तेव्हा वाढ सुमारे १८ टक्के आली.

कळसकडे आता मळणीयंत्राच्या पंख्याचा वारा हवा तेव्हा सुरू होतो आणि त्यासाठी झाडाखाली बसावे लागत नाही. ढगाची वाट मात्र अजून पाहावी लागते.