वडिलांची बारा बोअर नावावर झाली; आता काडतूस कोणतं घ्यायचं?

भात पोटरीला आलं, मका कणसात भरला की रात्री रानडुकरं उतरतात आणि घरातली बंदूक बाहेर निघते. आपल्या गावांतल्या बऱ्याच बंदुका दुकानातून नव्या घेतलेल्या नाहीत. आजोबांची वडिलांकडे, वडिलांची मुलाकडे अशा त्या आल्या आहेत. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक वारला, त्याचं वय ७० झालं किंवा त्यानं ते शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल, तर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारक वारला असेल तर नवा परवाना हातात येईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवायची असते. ती घरात ठेवून "अर्ज केलाय की" म्हणणं चालत नाही.

कागदं होतात. पण बंदुकीला कोणतं काडतूस चालतं हे वडिलांना तोंडपाठ होतं, आणि मुलगा दुकानात जाऊन नुसतं "बारा बोअरची द्या" म्हणतो. तेवढं सांगून भागत नाही.

आधी बोअर म्हणजे काय ते बघू. नळीच्या भोकाएवढे शिशाचे गोळे केले आणि एका पौंडात असे १२ गोळे बसले, तर ती बारा बोअर. म्हणजे आकडा वाढला की भोक लहान होतं. बारा बोअरचं भोक साधारण १८.५ मिलिमीटर, सोळाचं १६.८ आणि विसाचं १५.६. खरा घात इथं होतो. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत घातलं तर ते मागे अडत नाही, पुढं घसरून नळीतच अडकतं. मागून बघितलं तर नळी रिकामी दिसते. गडी म्हणतो, भरायचं राहिलं वाटतं, आणि मागं बारा बोअरचं घालून चाप ओढतो. नळी डाव्या हाताच्या जागीच फुटते. म्हणून घरात दोन बोअरची काडतुसं असतील तर ती एका पिशवीत, एका खिशात कधीच ठेवू नका. रंगावरही जाऊ नका. काडतुसाच्या पितळी बुडावर आकडा असतो, तोच वाचा.

आता लांबी. याबाबत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. बारा बोअरची काडतुसं ६५, ७० आणि ७६ मिलिमीटर अशा लांबीत येतात. इंचात सांगायचं तर अडीच, पावणेतीन आणि तीन. ही लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. न उडालेलं काडतूस तोंड दुमडल्यामुळे त्याहून बरंच आखूड असतं. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या बंदुकीत अगदी आरामात बसतं आणि बंदूकही नीट मिटते. "बसलं म्हणजे चाललं" हा हिशेब इथंच चुकतो. बार उडाला की काडतुसाचं तोंड उलगडतं, पण पुढं जागा नसते. तोंड नळीच्या अरुंद भागात शिरतं, छर्रे आणि धूर कोंडतात आणि आतला दाब वाढतो. एखाद्या बाराला काही होत नाही, दहाव्याला बिजागरी ढिली होते, कधी त्याहून वाईट. उलटं मात्र चालतं: ७० च्या बंदुकीत ६५ चं काडतूस वापरायला हरकत नाही.

लांबी कळायची कशी? बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळ्या उतरवा. नळीच्या खालच्या सपाट भागावर बोअर आणि लांबी कोरलेली असते. फार जुन्या बंदुकांवर ती नसतेच. तेव्हा अंदाज बांधू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून मापून घ्या. विलायती जुन्या बंदुकीवर 'नायट्रो' असा शिक्का आहे का तेही बघा. नसेल तर ती नळी कदाचित फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली आहे, आणि आजची काडतुसं बिनधुराच्या दारूची असतात. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी आहे. दिसायला देखणी असते. पण आमचं मत विचाराल तर अशी बंदूक तपासून घेतल्याशिवाय एकही बार काढू नये.

पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली 'शक्तिमान' काडतुसं आपल्याकडे सर्रास मिळतात. डब्यावर एलजी, एसजी, बीबी, ४, ६ असं लिहिलेलं असतं. ते छर्ऱ्याचं माप. एलजीचा दाणा ९ मिलिमीटरच्या आसपास, एसजीचा साडेआठला थोडा कमी, आणि ६ नंबरचा अडीचच्या जरा वर. ६ नंबरचे दाणे दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतात, एसजीचा दाणा सहाशे मीटरच्याही पुढं जाऊ शकतो. रात्री बांधापलीकडं कुणाची वस्ती आहे, कोण पाणी धरायला गेलंय, हे त्या दाण्याला कळत नाही. नुसतं हुसकावायचं असेल तर मोठा दाणा भरायची गरज नाही. एकेरी गोळीचं काडतूस घ्यायचं असेल तर आणखी जपा. तोंडाशी निमुळत्या केलेल्या काही जुन्या नळ्यांवर 'नॉट फॉर बॉल' असं कोरलेलं असतं, म्हणजे एकेरी गोळी चालवू नका.

ठासणीच्या बंदुकीबद्दल एकच सांगायचं आहे. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत भरू नका. काळ्या दारूच्या मापानं ही दारू भरली तर नळी फाटते.

बंदूक वारशानं न मिळता दुसऱ्या परवानाधारकाकडून विकत घेणार असाल, तर विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. घेताना नळीतून उजेडाकडं बघा: पोचा, खड्डे, गंज दिसतो का. पुढचं लाकूड काढून, बंदूक मिटलेली ठेवून हलवा. खडखडली तर सोडून द्या. नळी कापून आखूड केलेली असेल तर हातही लावू नका, तो गुन्हा आहे. मोबाईलवर 'रेप्लिका' म्हणून विकतात ती नकली बंदूक खरी करून घेणं हाही त्याच कलमातला गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. एका वेळी किती काडतुसं घेता येतील आणि वर्षाला किती, ते परवान्यावरच लिहिलेलं असतं.

आणि हो, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर असो की रोही, मारायचं असेल तर वन खात्याची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. ती नसताना जनावर पडलं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा दाखल होतो, बंदूक जप्त होते आणि परवानाही धोक्यात येतो.

पावसाळ्यात काडतुसं कोरड्या बंद डब्यात ठेवा. बूड हिरवं पडलेलं, कागद फुगलेलं काडतूस वापरू नका आणि चुलीत तर मुळीच टाकू नका. विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला विचारून जमा करा. चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या जागेकडं धरून मिनिटभर थांबा, मग उघडा. बार नेहमीपेक्षा बारीक आवाजात फुसका निघाला तर पुढचं काडतूस भरण्याआधी नळीतून आरपार बघा, आत गुंडी अडकलेली असू शकते. महिनाभर पडून असलेल्या बंदुकीचंही तसंच. कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचं घर करते, आणि ते काढायचं राहिलं तर नळी फुटायला तेवढं पुरतं.