धरणाचे पाणी आणि इंजिनाचा आकडा

साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गाव. या परिसरात पूर्णा आणि कयाधू या नद्या असल्या, तरी नाव चालवण्याची मोठी परंपरा येथे रुजली नाही. उन्हाळ्यात पायी ओलांडता येणाऱ्या मराठवाड्यातील नद्यांवर पावसाळ्यापुरती सांगड, म्हणजे भोपळे किंवा ओंडके बांधून केलेला तराफा, नाहीतर गूळ कढवण्याची काहील एवढ्यावर काम भागत असे. पूर्णेवरील येलदरी धरण 1968 मध्ये पूर्ण झाल्यावर हे चित्र पालटले. सुमारे 934 दशलक्ष घनमीटर क्षमतेचा जलाशय उभा राहिला आणि धरणाच्या वरच्या अंगाला नदीच्या जागी विस्तीर्ण, खोल पण असमान तळाचे पाणी पसरले. अशा पाण्याला साजेसे यंत्र मात्र त्याच्या कितीतरी आधी, फार दूर घडले होते.

ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे 1909 मध्ये आपले सुटे इंजिन विक्रीस आणले. बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायच्या या इंजिनाला आउटबोर्ड म्हणतात; आपल्याकडे मच्छीमार आणि बचाव पथके त्याला ओबीएम या आद्याक्षरांनी ओळखतात. त्याचा पंखा पाण्यात खोल असतो, त्यामुळे उथळ जागी किंवा किनाऱ्याला लागताना सगळे इंजिन मागे कलवून पंखा वर उचलावा लागतो. या कलण्याला आवर घालणारा भाग म्हणजे टिल्ट लॉक.

आउटबोर्डचा इतिहास बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यांतून सांगितला जातो, आणि त्यात हा भाग उगाच दुर्लक्षित राहतो. पुढे जाताना पंख्याचा रेटा इंजिनाला बोटीकडे दाबतो, म्हणून तेव्हा कुलुपाची गरज नसते, उलट ते मोकळेच हवे, कारण पंखा खडकावर आदळला तर इंजिनाने आपोआप वर उसळले पाहिजे. मागे जाताना मात्र तोच रेटा इंजिनाला पाण्याबाहेर ओढतो. जॉन्सन कंपनीने 1949 मध्ये पुढचा, मधला आणि मागचा असे तिन्ही गिअर असलेले दहा अश्वशक्तीचे इंजिन आणले. गिअरच्या अशा इंजिनांत मागचा गिअर पडताच एक आकडा इंजिन बोटीला अडकवणाऱ्या ब्रॅकेटमधील आडव्या पिनेला धरतो आणि पुढचा गिअर पडताच सुटतो. धरणे आणि सोडणे ही दोन्ही कामे तितकीच महत्त्वाची आहेत.

जलाशयात तर हे विशेष जाणवते. पाटाला पाणी सोडल्यावर पातळी उतरत जाते, काठच्या गाळपेर जमिनी, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरण्याची बुडित क्षेत्रातील शिवारे, उघड्या पडतात आणि पाण्याखालची झाडांची खोडे पंख्याच्या टप्प्यात येतात. आकडा सुटत नसेल, तर खोडाचा धक्का थेट पंख्याला, पिनेला आणि बोटीच्या फळीला बसतो. आकडा धरत नाही म्हणून इंजिन दोरीने खाली बांधून ठेवणे हा सोपा मार्ग त्याच कारणाने घातक ठरतो.

जुन्या इंजिनात दोष बहुधा तीन ठिकाणी सापडतो: गाळाने जाम झालेला आकडा, सैल पडलेली किंवा तुटलेली स्प्रिंग, आणि गिअरपासून आकड्यापर्यंत जाणारी, लांबी बिघडलेली सळई. समुद्रकाठी ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट आणि पोलादी पिन यांच्यामध्ये खारे पाणी गंज धरवते. गोड्या पाण्यात तो त्रास कमी, पण चिकणमाती अधिक. दुरुस्ती करताना प्रथम स्पार्क प्लगची वायर काढावी, वर कललेल्या इंजिनाला भक्कम टेकू द्यावा, कारण निसटलेले इंजिन बोटे चेचू शकते. मग सांधे धुऊन, गंज सोडवणारे तेल मुरवून आकडा हाताने हलता करावा, स्प्रिंग बदलावी आणि सळईची लांबी अशी जुळवावी की मागच्या गिअरला आकडा पिनेवर पुरता बसेल आणि पुढच्या गिअरला पूर्ण सुटेल. शेवटी पाण्यात न धुपणारे ग्रीस लावतात.

मोठ्या इंजिनांत आता हे काम तेलाच्या दाबावरचा पंप करतो. हाताने कलवायच्या लहान इंजिनांत मात्र आकडा टिकून आहे, आणि पुरासाठी राखून ठेवलेली अशी इंजिने महिनोन्‌महिने उभीच राहत असल्याने त्यांचा आकडा वापराऐवजी पडून राहण्यानेच आखडतो. म्हणून मृगापूर्वीच्या तपासणीत इंजिन सुरू होते की नाही हे पाहणे पुरेसे नाही, ते पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही गिअरमध्ये टाकून कलवूनही पाहावे लागते.