धुऱ्यावरची शाळा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पाऊस तसा कमी नाही. वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडते. तरी उन्हाळ्याआधीच विहिरी तळ दाखवतात. हिशेब करून पाहा, एका एकरावर एक इंच पाऊस म्हंजे लाखभर लिटर पाणी झालं. उताराच्या वावरात ते थांबत नाही, जाताना काळी माती सोबत नेते. मागं राहते ती बरड.

१९७२ च्या दुष्काळात राज्यात रोजगार हमी सुरू झाली, कायदा १९७७ ला झाला. उतार कसा पाहावा, हे आमच्या इकडं पुष्कळांनी त्या बांधाच्या कामावरच शिकलं, डोक्यावर टोपलं घेऊन. पुढं संकरित बियाणं गावोगाव पोचलं, २००२ साली बीटी आलं. कोणती पुडी, कोणता डबा, हे दुकानातून कळू लागलं. मातीचं मात्र कोणी इचारेना. कर्ज वाढत गेलं, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येऊ लागलं ते सांगाची गरज नाही.

त्याच जिल्ह्यात सुभाष शर्मांनी १९९४ च्या सुमारास रासायनिक शेती सोडली. गाय, झाड, पाखरं आणि वावरातच मुरवलेलं पाणी, यावर शेती उभी केली. लोक त्यांच्या धुऱ्यावर उभं राहून शिकले. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. उशीरच झाला म्हणा.

शिकाले लागते काय? दोन सारख्या काठ्या वर बांधायच्या, मधात आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला गोटा. पाय आलटून पालटून ठेवायचे, दोरीच्या दोन खुणांचा मध्य काढायचा. दोरी मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तशीच चौकट पुढं चालवत खुंट्या ठोकायच्या. दहा वर्षांचं पोरगं करते. भारी काळ्या जमिनीत रेघेला जरासा ढाळ द्यावा, नाही तं पाणी साचून पऱ्हाटी पिवळी पडते.

गेल्या मे महिन्यात गावातल्या पोरांनी आमच्या दोन एकरांत अशी रेघ आखली. पेरणीला बैल वळायला तयार नव्हते, त्यांच्या पायाला जुनी सरळ वाट. आता तासं वाकडी दिसतात, रस्त्यानं जाणारे हसतात. पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा खालच्या धुऱ्यापाशी उतरलेलं पाणी बरंच निवळ होतं.