ऐंशी रुपयांचं वळण

हल्ली घरातल्या मुलांच्या तोंडी ‘स्टार्टअप’, ‘कंपनी कल्चर’ हे शब्द सारखे असतात. ते ऐकले की मला गिरगावातल्या एका गच्चीची गोष्ट आठवते.

१५ मार्च १९५९. सात गुजराती गृहिणी, शिक्षण बेताचं. छगनलाल पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेऊन त्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं! हाच पुढचा ‘लिज्जत पापड’.

नियम मात्र सुरुवातीलाच ठरले. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही. हिशेब चोख ठेवायचा. स्वस्तातला आणि उंची असे दोन प्रकार करायचं चाललं होतं. छगनबाप्पा म्हणाले, एकच करा, पण उत्तम करा. आणि लाटणारी प्रत्येक बहीण सभासद, म्हणजे मालकीण; नफातोटा सगळ्यांचा.

परीक्षा लगेच आली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, काम चार महिने बंद. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह!

पुढे हजारो बायका त्यात आल्या. सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

भिंतीवरची सुवचनं शाळेत मी जन्मभर पाहिली. पण पैशाची निकड असताना जो नियम टिकतो, तोच खरा. ‘कल्चर’ला आपल्याकडे साधा शब्द आहे, वळण. अक्षराचं असो की संस्थेचं, ते पहिल्या पाटीवरच लागतं. नंतर गिरवून घेणं फार जड जातं, हे कुठलाही मास्तर सांगेल.