खरखरीतून उभा राहिलेला उद्योग



लहान भांडवलावर स्वतंत्र धंदा काढू इच्छिणाऱ्या तरुणापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो 'माल कोणता काढावा' हा. जागा, कर्ज, परवाना ह्या गोष्टी मागाहून येतात. ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा शेजाऱ्याच्या दुकानाकडे पाहून दिले जाते. त्याचे चालते, म्हणून आपणही तेच काढावे आणि दोन रुपये कमी घ्यावे. हे उत्तर कितपत बरोबर आहे, ते एका चिमुकल्या उद्योगाच्या इतिहासावरून तपासून पाहावे असा आज माझा विचार आहे. तो उद्योग म्हणजे विजेच्या गिटारीला जोडावयाची पेडल्स तयार करण्याचा. उद्योग परका आहे. अमेरिका, इंग्लंड आणि जपान ह्या देशांत तो वाढला. परंतु साठ वर्षांत त्याने इतके चढउतार पाहिले, आणि त्यातल्या बऱ्याच कर्त्या माणसांनी इतक्या थोड्या पैशांवर आरंभ केला, की लहान कारखानदाराला त्यापासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. विजेच्या गिटारीत तारांच्या खाली लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवलेले असते. वरची पोलादी तार कंप पावली की त्या वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो ध्वनिवर्धकाकडे जातो. ह्या वाटेवर मध्येच एक धातूची डबी ठेवली, तर तिच्यातील जोडणीप्रमाणे आवाजाचे रूप पालटता येते. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून डबी जमिनीवर ठेवतात आणि तिचे बटण पायाने दाबतात. यावरून तिला पेडल हे नाव पडले. आत ९ व्होल्टची बॅटरी, एकदोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग असतात. त्यातील 'फझ' ह्या प्रकाराचे तत्त्व अगदी सोपे आहे. ट्रान्झिस्टर प्रवाह वाढवतो, पण त्याच्या वाढीला मर्यादा असते. मर्यादेबाहेर ढकलले की ध्वनिलहरीचे शेंडे कापले जातात आणि कानाला जाडसर, खरखरीत, लांबत जाणारा आवाज ऐकू येतो. कोणताही ध्वनिमुद्रक ह्याला दोषच म्हणेल. ह्या उद्योगाचा जन्म त्या दोषातूनच झाला.

अमेरिकेतील नॅशव्हिल हे गाव ध्वनिमुद्रणासाठी प्रसिद्ध आहे. तेथे मार्टी रॉबिन्स ह्या गायकाच्या 'डोन्ट वरी' ह्या गाण्याचे मुद्रण चालू असता ग्रेडी मार्टिन ह्या वादकाच्या सहा तारी बासगिटारीचा आवाज एकाएकी घरघरू लागला. मिश्रक-यंत्रातील एक ट्रान्स्फॉर्मर बिघडला होता. सामान्यतः असा तुकडा टाकून देऊन पुन्हा वाजवतात. येथे तो तसाच ठेवला गेला. १९६१ साली ते गाणे लोकप्रिय झाले आणि 'तो आवाज आम्हांलाही हवा' अशी मागणी वादकांकडून येऊ लागली. मुद्रक ग्लेन स्नॉडी याच्यापुढे अडचण अशी, की बिघडलेले यंत्र काही कायमचे टिकणार नव्हते. त्याने एका सहकाऱ्याच्या मदतीने तोच बिघाड ट्रान्झिस्टरांच्या साह्याने मुद्दाम घडवून आणणारी जोडणी तयार केली आणि ती गिब्सन कंपनीला दिली. १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' ह्या नावाने ती बाजारात आली.

ह्यानंतरची हकीकत व्यापाऱ्याने नीट ध्यानात ठेवावी. कंपनीने जाहिरात केली ती अशी, की ह्या डबीने गिटारीतून तुतारी, ट्रॉम्बोन, चेलो अशा वाद्यांचे आवाज निघतील. पहिल्या वर्षी दुकानदारांनी उत्साहाने माल उचलला, पण तो फळ्यांवरच पडून राहिला आणि पुढची मागणी जवळजवळ थांबली. ज्याला तुतारी ऐकावयाची आहे तो तुतारीवाला बोलावील, तो गिटार कशाला घेईल? मग १९६५ साली रोलिंग स्टोन्स ह्या इंग्लिश मंडळीच्या 'सॅटिस्फॅक्शन' ह्या गाण्यात कीथ रिचर्ड्सने ही डबी वापरली. गंमत अशी, की त्याच्याही मनात तो केवळ कच्चा आराखडा होता. पुढे त्या जागी पितळी वाद्ये घालावयाची होती. पण गाणे तसेच बाहेर पडले, जगभर गाजले, आणि साचलेला माल त्याच वर्षी संपून गेला. डबीत तिळमात्र फरक झालेला नव्हता. फरक झाला तो गिऱ्हाइकाच्या समजुतीत. दुसऱ्या वाद्याची नक्कल म्हणून जे विकले गेले नाही, ते स्वतःचा आवाज म्हणून विकले गेले.

ह्याच सुमारास लंडनमध्ये लहान कारागीर पुढे आले. १९६५ मध्ये गॅरी हर्स्टचा 'टोन बेंडर' निघाला, १९६६ मध्ये 'फझ फेस' निघाला. ह्या पेडलांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. त्यांचा स्वभाव लहरी. एकाच छापाचे दोन नग घेतले तरी गुण सारखे नसत, आणि उष्णता वाढली की आवाज बदले. म्हणून जाणते वादक एकाच जातीची अनेक पेडल्स वाजवून त्यांतून एखादे निवडून घेत. येथे लहान कारागिराला जागा सापडली. प्रत्येक ट्रान्झिस्टर मोजून, जोड्या लावून, कानाने पारखून पेडल बांधणे हे वेळखाऊ काम मोठ्या कारखान्याला परवडत नाही. जिमी हेंड्रिक्ससाठी काम करणारा रॉजर मेयर हा पूर्वी ब्रिटिश नौदलाच्या प्रयोगशाळेत ध्वनी आणि कंपने यांचा अभ्यास करीत असे. १९६७ साली हेंड्रिक्सच्या वादनात ऐकू येणारे वरच्या सप्तकाचे विलक्षण पडसाद त्याच्या 'ऑक्टेव्हिया' ह्या पेडलाचे होत. वादकाने सांगावे आणि कारागिराने करून पाहावे, असा हा व्यवहार होता.

न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूजची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. हा मुळात आय.बी.एम. कंपनीतला विक्रेता. १९६८ साली त्याने 'इलेक्ट्रो-हार्मोनिक्स' ही संस्था थोड्या भांडवलावर काढली. स्वर लांबवणारे, पण आवाज न बिघडवणारे पेडल काढावयाचे त्याच्या मनात होते, आणि त्याची आखणी बॉब मायर नावाच्या बेल प्रयोगशाळेतील संशोधकाकडे सोपवलेली होती. नमुना पाहावयास गेला असता मॅथ्यूजला मुख्य यंत्राच्या अलीकडे जोडलेली एक लहानशी डबी दिसली. चौकशी करता मायरने सांगितले, की गिटारीचा प्रवाह फार क्षीण भरतो, म्हणून आधी तो वाढवून घेतला आहे. डबीत एकच ट्रान्झिस्टर होता. मॅथ्यूजने बटण दाबून पाहिले आणि ती डबीच विकावयाचे ठरवले. 'एल.पी.बी.-१' ह्या नावाने ती टपालाने विकली जाऊ लागली, आणि त्याच पायावर पुढे 'बिग मफ' हे प्रख्यात पेडल आले. ज्यावर बुद्धी खर्च झाली ती वस्तू बाजूला राहिली आणि टेकू म्हणून लावलेला तुकडा पुढे आला. मात्र तो ओळखायला विक्रेत्याची नजर लागली. संशोधकाच्या दृष्टीने त्यात काहीच नव्हते.

तिसरा मार्ग दुरुस्तीच्या दुकानातून निघतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी कीथ बार आणि टेरी शेरवुड हे दोन शाळासोबती ध्वनियंत्रांची दुरुस्ती करीत. लोकांची मोडलेली पेडल्स त्यांच्याकडे येत. कोणता भाग कोठे तुटतो, डबी कोठे वाकते, वादक कशाबद्दल कुरकुर करतात, हे सारे त्यांना घरबसल्या कळे. त्यांनी 'एम.एक्स.आर.' ही कंपनी काढली. १९७४ चे त्यांचे 'फेझ ९०' हे पेडल म्हणजे मजबूत, आटोपशीर डबी आणि वर एकच खुंटी. मूळ आवाजात त्याचीच किंचित मागेपुढे सरकवलेली सावली मिसळली की आवाज हेलकावे घेऊ लागतो, हे त्यातील तत्त्व. दुरुस्ती करणाऱ्याला बाजाराची पाहणी वेगळी करावी लागत नाही. गिऱ्हाईक आपली तक्रार स्वतःच त्याच्या टेबलावर आणून ठेवते.

मग जपान ह्या क्षेत्रात उतरला. रोलँड कंपनीने 'बॉस' ह्या नावाने १९७७ पासून लहान पेडलांची मालिका काढली. सर्वांचा आकार एक, रंगावरून ओळख, आणि बॅटरी बदलण्यासाठी पेचकस शोधण्याची गरज नाही. पक्का माल, सर्वत्र मिळणारा. १९७९ च्या सुमारास आयबानेझचे 'ट्यूब स्क्रीमर' आले. ह्या लाटेपुढे, आणि पाठोपाठ आलेल्या अंकीय यंत्रांपुढे, जुन्या अमेरिकन कारखान्यांचा निभाव लागला नाही. १९८० नंतरच्या चारपाच वर्षांत इलेक्ट्रो-हार्मोनिक्स आणि एम.एक्स.आर. ही दोन्ही दुकाने बंद पडली. मॅथ्यूज पुढे रशियात बनलेल्या निर्वात नळ्यांचा व्यापार करून सावरला आणि पुन्हा पेडल्सकडे वळला. एम.एक्स.आर. हे नाव दुसऱ्या कंपनीने विकत घेतले. मोठा कारखाना आला, की स्वस्ताईत आणि सारखेपणात लहानाने त्याच्याशी झुंजू नये, एवढे ह्यावरून उघड होते.

तरी लहान माणूस संपला नाही. १९९० नंतर तो परत आला, तो आरंभी जुन्या पेडलांत सुधारणा करून देणारा म्हणून. 'ट्यूब स्क्रीमर'च्या नंतरच्या आवृत्त्यांत पहिल्यासारखा आवाज नाही, अशी वादकांची तक्रार होती. काही कारागीर दोनचार भाग बदलून तो परत आणून देत. त्या कामावर कित्येकांचे नाव झाले आणि मग त्यांनी स्वतःची पेडल्स काढली. बॉस्टनच्या बिल फिनेगनने १९९४ साली 'क्लॉन सेंटॉर' हे पेडल आणले. प्रत्येक नग हाताने बांधलेला. पंधराएक वर्षांत सुमारे ८,००० नग झाले. नक्कल होऊ नये म्हणून त्याने आतील जोडणीवर कठीण राळ ओतून ठेवली होती. लोकांनी ती राळ खरवडून काढली, जोडणीचा नकाशा तयार केला, आणि आज तिच्या असंख्य नकला अल्प किमतीस मिळतात. परंतु मूळ नगाला हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत. पेटंट नसलेली जोडणी फार काळ गुप्त राहत नाही. टिकते ती कारागिराच्या नावाची पत.

आता आपल्याकडे वळू. खरखरीतून सौंदर्य काढण्याची कला आपल्याला शिकवावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलाई देऊन घासावयाचा आणि तारेखाली बारीक दोरा सरकवावयाचा. तार घोडीला स्पर्शत, झणकारत राहते आणि स्वर भरून येतो. ती जवारी. मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरल्यावर एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांच्या कामाकडे वळले. गवयी-वादक समोर बसवून त्यांच्या कानाप्रमाणे वाद्य सुधारीत गेल्याने मिरजेचा तंबोरा आणि सतार यांचा लौकिक झाला. रॉचेस्टर आणि मिरज ह्यांचा मार्ग एकच आहे.

मग आज येथे कोणी हा धंदा काढू म्हटले तर माल कोणता काढावा? पहिला माल म्हणून एका ट्रान्झिस्टरचे आवाज वाढवणारे पेडल उत्तम. त्यात नफा थोडा, पण हात बसतो आणि चूक स्वस्तात शिकता येते. दुसरा माल आपल्या वाद्यांसाठी. सतारीला किंवा व्हायोलिनला चिकटवण्याचे जे स्फटिकाचे ध्वनिग्राहक मिळतात, ते सामान्य यंत्राला थेट जोडले की खालचे स्वर गळून आवाज पातळ आणि किरटा होतो, कारण अशा ग्राहकाला पुढे दहा लाख ओहम किंवा त्याहून अधिक रोध असलेले प्रवेशद्वार लागते. तसे द्वार, आणि सभागृहात कर्ण्यातून शिट्टी उठली तर तेवढाच स्वर दाबणारी एक खुंटी, एवढे असलेले पेडल वादकाच्या उपयोगी पडेल. तिसरा माल अगदी निरस दिसतो: एकाच सोयीतून अनेक पेडलांना गुणगुण न येता वीज देणारी पेटी, किंवा दोन वाद्यांतून एक निवडण्याचे बटण. अशा वस्तूंचे कोणी कौतुक करीत नाही, पण कार्यक्रमाला त्यांच्यावाचून चालत नाही. आणि ह्या सर्वांच्या जोडीला दुरुस्तीचे टेबल असावेच. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतात. आणि मुंबईच्या 'अ‍ॅनिमल फॅक्टरी' ह्या लहान संस्थेने अशी पेडल्स बनवून परदेशी वादकांपर्यंत पोहोचवलीही आहेत.

हिशेबाबद्दल एकच सांगतो. पेडलात ट्रान्झिस्टर स्वस्त असतो. महाग पडतात ती डबी, पायाचे बटण, रंगकाम आणि परत आलेला नग. जो केवळ सुट्या भागांची बेरीज करून किंमत लावतो, त्याचा पहिला शंभराचा घाणा विकला जातो आणि दुसऱ्याला भांडवल उरत नाही. दहा नग करावे, दहा वादकांच्या हाती द्यावे, सहा महिने त्यांच्या तक्रारी लिहून घ्याव्या. शेजाऱ्याच्या दुकानाकडे पाहून हे कळावयाचे नाही. नॅशव्हिलला बिघडलेल्या यंत्राचा आवाज सर्वांनीच ऐकला होता. स्नॉडीने तो ऐकला आणि वादक काय मागत आहेत तेही ऐकले. आपल्या गावात धंदा काढू पाहणाऱ्या तरुणांनी माल ठरवण्यापूर्वी ह्या दुसऱ्या ऐकण्याला थोडे दिवस द्यावे, एवढीच विनंती.