घाटमाथ्यावरची पेठ: जुन्नर

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ९५ किलोमीटरवर कुकडी नदीच्या खोऱ्यात वसलेले जुन्नर हे २०११च्या जनगणनेनुसार पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीचे गाव असून, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत येथे येणारी कुटुंबे बहुधा एक दिवस शिवनेरीला आणि एक दिवस लेण्याद्री व ओझर येथील गणपतींना देऊन परततात. सहलीचा हा साचा फार जुना नाही. पूर्वी नवसापोटी घडणारी अष्टविनायकांची यात्रा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारगाड्यांमुळे कौटुंबिक सहल बनली, १९७९ साली आलेल्या ‘अष्टविनायक’ या चित्रपटाने तिला घरोघरी पोहोचवले, आणि तिच्या जोडीला शाळांच्या गडदर्शनाची प्रथा आली. राज्य शासनाने २०१८मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले, तेव्हा हा साचा पक्का झालेला होता. मात्र या साच्यात राजा दिसतो, देव दिसतो, पण इतकी लेणी, असा किल्ला आणि एवढी जुनी पेठ एकाच खोऱ्यात का जमली, याचे उत्तर मिळत नाही. ते गावाच्या पश्चिमेस सुमारे तीस किलोमीटरवर, नाणेघाटात आहे.

नाणेघाट म्हणजे कोकणातील सोपारा, कल्याण या बंदरांकडून देशावर चढणारी प्राचीन व्यापारी वाट. घाटमाथ्याच्या किंचित खाली, कातळात खोदलेल्या एका दालनाच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. हा लेख सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची नावे आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचा, म्हणजे गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नावाची नाणी यांचा, खतावणीसारखा तपशील येतो. हजारांच्या घरातील संख्या तेथे अंकांत कोरलेल्या असल्याने भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातही या लेखाला मोठे स्थान आहे. मागील भिंतीवर राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. आज सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावे वाचता येतात, पण मूर्तींच्या जागी पावलांच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. जवळच असलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी परंपरा आहे. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही, परंतु राजघराण्याने आपली कीर्ती राजधानीत न कोरता वाटसरूंच्या थांब्यावर कोरली, यावरून त्या वाटेचे मोल कळते.

या वाटेवरचा पैसा जुन्नरभोवतीच्या डोंगरांत उतरला. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरीचे कडे मिळून येथे दोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यांतील दानलेखांत कासार, बांबूकाम करणारे आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, आढळतात. इतकेच नव्हे तर पाण्याची टाकी आणि भोजनमंडप देणारे यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशीही आढळतात. लेण्याद्रीचे सहावे लेणे हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, तर सातवे हे भिक्षूंच्या निवासाचा विहार. सुमारे तीनशे पायऱ्या चढून भाविक ज्या गिरिजात्मजाचे दर्शन घेतात, तो या सातव्या लेण्यातच आहे: मागील भिंतीतील मधल्या दोन खोल्यांमधली भिंत काढून गाभारा साधलेला असून, सभामंडपाच्या दोन्ही बाजूंस भिक्षूंच्या खोल्या अजून तशाच आहेत. दर्शनाच्या रांगेतून त्या खोल्यांत डोकावणारी माणसे थोडी.

मध्ययुगातही वाट तीच राहिली, माल बदलला. आता समुद्रमार्गे घोडे येऊ लागले. १४७०च्या सुमारास चौल बंदरातून आत आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितीन याने जुन्नरला पावसाळा काढला. रोजचा पाऊस, चिखल आणि एका वेळी एकच माणूस जाऊ शकेल अशी गडाची वाट त्याने नोंदवली आहे. शंभर रूबल मोजून आणलेला त्याचा घोडा येथील अंमलदार असदखान याने जप्त केला आणि धर्मांतर केल्यास परत देण्याचे आमिष दाखवले. एका खुरासानी सज्जनाच्या मध्यस्थीने तो सुटला. पुढे १४९०मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची सुरुवात केली ती जुन्नरमध्येच. अहमदनगर नंतर वसले.

शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला, हे प्रत्येक सहलीत सांगितले जाते. निजामशाही बुडाल्यावर हा किल्ला मोगलांकडे गेला आणि महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १६५७मध्ये त्यांनी रात्री तटाला शिड्या लावून जुन्नरची पेठ लुटली आणि रोकड व घोडे नेले, यात पेठेची श्रीमंती दिसते आणि तिच्या माथ्यावरच्या किल्ल्याचे महत्त्वही उमगते.

पेठ ओसरली ती लढायांनी नव्हे. १८३०मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३मध्ये त्याच घाटातून रेल्वे धावू लागली, आणि कोकणातला माल बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढण्याचे कारणच संपत गेले. पुढे मोटाररस्ताही माळशेज घाटातून गेला. म्हणून जुन्नरला दोन दिवस देणाऱ्या कुटुंबाने पहिली सकाळ नाणेघाटाला द्यावी, आणि मग त्याच जुन्या क्रमाने घाटाकडून गावाकडे यावे.