मेक्सिकन भोजनातील पेये

मेक्सिकन भोजनातील पेये ही मेक्सिकोच्या पाकपरंपरेचे अविभाज्य अंग आहेत. ही पाकपरंपरा २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. कोणत्या पदार्थासोबत कोणते पेय घ्यावे, हे तेथे प्रदेश, दिवसाची वेळ आणि पदार्थातील मिरची यांवर ठरते. देशाबाहेर टकीला आणि मार्गारिता हीच या जेवणाची पेये मानली जातात. हा समज अपुरा आहे. रोजच्या दुपारच्या जेवणाला सामान्यतः फळाफुलांचे गोड पाणी पुरते.

तिखट आणि पेय

मिरचीचा दाह कॅप्सेसिन या द्रव्यामुळे होतो. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे साध्या पाण्याने तोंडाची आग शमत नाही. दुधातील केसीन हे प्रथिन मात्र ती कमी करते. साखर आणि थंडावा यांचाही उपयोग होतो. याउलट तीव्र मद्याने किंवा तुरट लाल वाइनने दाह वाढल्यासारखा वाटतो. तिखट साल्साबरोबर टकीलाचे घोट घेणे म्हणूनच फारसे शहाणपणाचे नाही.

अगुआ फ्रेस्का

या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘ताजे, थंड पाणी’. फळे, फुले, बिया किंवा धान्य पाण्यात भिजवून वा वाटून, साखर घालून हे पेय करतात. लाल अंबाडीच्या फुलांखालील मांसल पाकळ्यांपासून केलेले गडद लाल ‘हमाइका’ आंबट असते. डुकराच्या चरबीत शिजवलेल्या कार्नितास या मांसाच्या पदार्थाचा तेलकटपणा ते कापते. चिंचेचे पाणीही हेच काम करते. तांदूळ आणि दालचिनीचे ‘ओर्चाता’ पांढरे, दाट व गोड असल्याने झणझणीत टाकोंसोबत विशेष शोभते. अननसाच्या साली गुळासारख्या पिलोन्सियोसह आंबवून केलेले ‘तेपाचे’ किंचित मादक असते.

मक्याची पेये

मक्याच्या पिठाचे ऊन, दाटसर ‘आतोले’ सकाळी तामालसोबत घेतात. तामाल हाही मक्याचाच. एकाच धान्याचे खाणे आणि पिणे परक्याला विचित्र वाटेल, पण मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर कामावर निघालेल्या माणसांची ही नित्याची न्याहारी आहे. आतोलेत कोको घातला की ‘चाम्पुर्रादो’ होते. वाहाका राज्यात मका, कोको आणि मामेय फळाच्या बिया यांचे फेसाळ ‘तेहाते’ थंडच पितात.

मद्ये

मागेय या निवडुंगासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीचा गोड रस आंबवून ‘पुल्के’ करतात. ते दुधी रंगाचे, बुळबुळीत असून लवकर नासते. म्हणून जिथे बनते तिथेच त्याची खरी चव कळते. इदाल्गो राज्यात जमिनीतील खड्ड्यात भाजलेल्या बार्बाकोआ या मांसासोबत ते घेतले जाते, आणि सोबतच्या साल्सातही घालतात. विसाव्या शतकात बिअरने पुल्केला मागे सारले. पुल्के आंबवण्यासाठी विष्ठा वापरतात, ही अफवाही त्याच्या बदनामीला कारण झाली.

बिअरचे गणित सोपे आहे. बाहा कालिफोर्नियातील तळलेल्या माशांच्या टाकोंना फिकी, थंड बिअर चालते; सुक्या मिरच्या, मसाले आणि चॉकलेट यांच्या मोले पोब्लानोला व्हिएन्ना पद्धतीची गडद बिअर, कारण तिची भाजल्यासारखी गोडसर चव मोलेशी जुळते.

टकीला हालिस्कोमध्ये सांग्रिता या आंबट-तिखट रसासोबत सावकाश पितात. वाहाकात मेस्कालसोबत संत्र्याची फोड आणि मागेयवरील अळ्यांची पूड घातलेले मीठ देतात.

कोलिमा राज्यातील ‘तुबा’ हे माडाच्या रसाचे पेय कोकणातील माडीचे दूरचे भावंड होय. मनिलाच्या गलबतांतून आलेल्या फिलिपिनो लोकांनी ही कला तेथे नेली. तुबात शेंगदाणे घालून ते रस्त्यावर विकतात.

बाटलीबंद पेये

आज यांतील अनेक पेयांची जागा बाटलीबंद शीतपेयांनी घेतली आहे. दरडोई शीतपेय सेवनात मेक्सिको जगातील अग्रेसर देशांपैकी एक असून लठ्ठपणा व मधुमेह यांच्या चिंतेतून तेथील सरकारने १ जानेवारी २०१४ पासून साखर घातलेल्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. अगुआ फ्रेस्कातही साखर असतेच. मात्र घरी केलेल्या पेयात ती किती घालायची, हे करणाऱ्याच्या हाती राहते.